नॅनो पावडर ईटीपीत ओतण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधल्या सातपूरच्या एका फॉर्म्युलेशन कारखान्यात गोळ्या आणि सिरप बनतात, ईटीपीत (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात) येणारं रोजचं सांडपाणी साधारण ४० घनमीटर. तिथल्या पर्यावरण विभागातल्या इंजिनिअर मॅडम विचारतात: एक विक्रेता नॅनो टायटॅनियमची पावडर घेऊन आला होता. एअरेशन टँकमध्ये (हवा सोडून जिवाणूंकडून पाणी साफ करायच्या टाकीत) रोज थोडी टाका, औषधाचे अंश ९९ टक्के जातील, असं म्हणाला. बीकरमध्ये प्रयोग करून दाखवला, साहेब खूश झाले. घ्यावी का? आणि हीच पावडर तपोवनच्या एसटीपीला, म्हणजे शहराच्या सांडपाणी केंद्राला वापरली तर गोदावरी सुधारेल का?

आधी निकाल सांगतो, मग कारणं. एअरेशन टँकमध्ये ही पावडर टाकू नका. थोडी नाही, ट्रायल म्हणूनही नाही. टायटॅनियम डायऑक्साइड काम करतं ते उजेडावर, तेही अतिनील उजेडावर. तुमच्या टाकीत लिटरमागे तीनेक ग्रॅम जिवाणूंचा गाळ चोवीस तास घुसळला जातोय. त्या तपकिरी पाण्यात बोटभर खोलीवरच उजेड संपतो. पावडर गाळाच्या गुठळ्यांना चिकटणार, क्लॅरिफायरमध्ये (गाळ खाली बसवायच्या टाकीत) तळाशी बसणार आणि फिल्टर प्रेसच्या केकबरोबर, म्हणजे दाबून कोरड्या केलेल्या गाळाबरोबर बाहेर पडणार. थोडक्यात, पैसे देऊन तुम्ही घातक कचऱ्याचं वजन वाढवून घेणार.

खरं तर हा पदार्थ तुमच्याकडे आधीपासून आहे. गोळ्यांच्या पांढऱ्या कोटिंगमध्ये तोच असतो. कोटिंग पॅन धुतल्यावर जे दुधाळ पाणी येतं ते त्याचंच. तो रंगासाठीचा दर्जा, कण नॅनो पावडरीच्या साधारण दहापट मोठे, उत्प्रेरक म्हणून मंद. पण तो शेवटी कुठे जाऊन बसतो ते तुमच्या ऑपरेटरला विचारा. नॅनो पावडर त्याच वाटेने जाईल.

मग नॅनोत खरं काही आहे की नाही? आहे. एक सेंटिमीटरचा घन घ्या, त्याचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. तोच घन १० नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) बारक्या घनांमध्ये कापला तर एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होतं, म्हणजे गंगापूर रोडवरचा साडेसहा हजार चौरस फुटांचा ऐसपैस प्लॉट. पदार्थ तेवढाच, पण औषधाच्या रेणूला टेकायला जागा दहा लाख पट वाढली. नॅनोचं भांडवल मुख्यतः हे पृष्ठफळ. काही पदार्थांत त्या पृष्ठभागावर रसायनही घडतं, ते पुढे सांगतो. पण नॅनो ही ब्लोअर किंवा क्लॅरिफायरसारखी प्रक्रियेची एक पायरी नव्हे. आणि पृष्ठफळ निवड करत नाही, जे आधी येईल त्याला ते जागा देतं.

तुमच्या बाबतीत आधी साखर येते. सिरपच्या लाइनचं धुणं म्हणजे साखर, सॉर्बिटॉल, घट्टपणा आणणारे डिंकासारखे पदार्थ. समजा ईटीपीत येणाऱ्या पाण्याचा सीओडी (पाण्यातल्या एकूण सेंद्रिय मळाचं माप) लिटरमागे २००० मिलिग्रॅम आहे आणि औषध लिटरमागे २ मिलिग्रॅम. उजेड पडला की टायटॅनियमच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात, आणि तेच रेणू तोडतात. हा रॅडिकल अतिशय जहाल असतो, पण त्याला आपलं-परकं कळत नाही. एका औषधामागे हजारपट इतर खाद्य समोर असेल तर तो ते खात बसणार. शिवाय आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट चांगलंच असतं, तेही रॅडिकलला गिळतं. प्रयोगशाळेत डिस्टिल्ड वॉटरमध्ये एकटं औषध विरघळवून घेतलेला ९९ टक्क्यांचा आकडा खोटा नसतो. तो तुमच्या पाण्याचा नसतो, एवढंच.

फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या पृष्ठभागावर प्रकाशाने पाणी फोडून दाखवलं ते १९७२ साली. पन्नासहून अधिक वर्षांत यावर शोधनिबंधांचे डोंगर झाले, तरी सांडपाण्याच्या मोठ्या केंद्रांत ही पद्धत रुळलेली दिसत नाही. त्याचं एक साधं कारण आहे. या पदार्थाला साधारण ३८७ नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचा प्रकाश लागतो, आणि उन्हात तो जेमतेम ४-५ टक्के असतो. नाशिकचं ऊन कितीही कडक असलं तरी त्यातला बराचसा भाग या पावडरीच्या उपयोगाचा नाही.

आता तो बीकरचा प्रयोग. मी पैजेवर सांगतो, त्याने मिथिलिन ब्लू हा निळा रंग वापरला असणार. निळं पाणी, चिमूटभर पावडर, दिव्याखाली ठेवलं, अर्ध्या तासात स्वच्छ. डोळ्यांना पटतं. पण मिथिलिन ब्लू पावडरीला नुसतं चिकटतं, उजेडात स्वतःहूनही थोडं मोडतं, आणि लोखंडाची पावडर असेल तर क्षपण होऊन बिनरंगी रूप घेतं. ते बीकर हवेत हलवलं तर निळा रंग परत येतो! रंग गेला यावरून औषध गेलं असं म्हणता येत नाही. पॅरासिटामॉल, सिप्रोफ्लॉक्सासिन, डायक्लोफिनॅक यांच्या द्रावणाला रंगच नसतो, मग बीकरकडे बघून काय कळणार?

माझीही एकदा फजिती झाली आहे, तीही लिहितो. दहाएक वर्षांपूर्वी अंबडमधल्या एका कारखान्यात मी हीच पावडर शेवटच्या टप्प्यात वापरून पाहिली. जैविक प्रक्रिया झालेलं, बऱ्यापैकी नितळ पाणी, उथळ ट्रे, वर ऊन. बाटलीतले निकाल सुरेख होते. साइटवर तिसऱ्या दिवशी आउटलेट दुधासारखं पांढरं. सँड फिल्टरमधून पावडर सरळ पार होत होती, कार्ट्रिज तासाभरात चोंदत होती. शेवटी तुरटी टाकून ती खाली बसवली, आणि तुरटीचा गाळ मूळ गाळाहून जास्त झाला. चूक माझी होती. पावडर पाण्यात कशी मिसळायची याचा मी महिनाभर विचार केला, परत कशी काढायची याचा एक दिवसही नाही. तेव्हापासून कोणी नॅनोचा प्रस्ताव आणला की माझा पहिला प्रश्न तोच असतो.

याच प्रश्नावर तपोवनचं उत्तर मिळतं. लिटरमागे एक मायक्रोग्रॅम म्हणजे दहा लाख लिटरमध्ये एक ग्रॅम. शहरी सांडपाण्यात एखादं औषध लिटरमागे १ मायक्रोग्रॅम आहे असं धरू. हिशेबाच्या सोयीसाठी केंद्र १०० एमएलडीचं (रोज १०० दशलक्ष लिटरचं) घेऊ, तपोवनचं त्याहून मोठं आहे. दिवसभरात त्या औषधाचं एकूण वजन झालं १०० ग्रॅम. प्रयोगशाळेत या पावडरीचा नेहमीचा डोस लिटरमागे एक ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दिवसाच्या पाण्याला १०० टन पावडर लागणार. शंभर ग्रॅमसाठी शंभर टन! समजा त्यातली ९९.९ टक्के पावडर परत पकडली, जे मी आजवर कुठे पाहिलेलं नाही, तरी उरलेली रोज १०० किलो गोदावरीत जाणार. जेवढं औषध काढलं त्याच्या हजारपट पावडर नदीत. खाली नांदूर मधमेश्वरचं पाणथळ आहे, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ. तिथल्या पाणपक्ष्यांना हा सौदा परवडणारा नाही.

शहराच्या सांडपाण्यातली औषधं मुख्यतः घरांतून आणि दवाखान्यांतून येतात. गोळी घेतली की तिचा काही भाग लघवीतून बाहेर पडतो. वेदनाशामक जेल चोळलं तर डायक्लोफिनॅक शरीरात जातं फार तर ६ टक्के. बाकीचं हाताला, कातडीला, कपड्यांना राहतं आणि बरंचसं मोरीत जातं. साध्या जैविक प्रक्रियेत पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन नव्वद टक्क्यांहून अधिक जातात. त्यामुळे शहरासाठी पहिलं काम कंटाळवाणं आहे: नासर्डी आणि वाघाडीतून सरळ नदीला मिळणारं सांडपाणी आधी केंद्रापर्यंत पोचवणं. फिटच्या आजारावरचं कार्बामाझेपिन मात्र केंद्रात गेलं तसंच बाहेर येतं. कधी कधी तर आत आलं त्याहून बाहेर जास्त सापडतं. मोजणाऱ्याची चूक असेल असं वाटतं, पण शरीराने काही औषधांना साखरेच्या रेणूची शेपटी जोडलेली असते. जिवाणू ती शेपटी तोडतात आणि मूळ औषध पुन्हा मोकळं होतं.

स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक मोठ्या केंद्रांना असे सूक्ष्म प्रदूषक ८० टक्के काढणं बंधनकारक केलं, आणि तिथे साधनं निवडली ती दोन: ओझोन आणि पावडर स्वरूपातला सक्रिय कोळसा. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात हाच टप्पा मोठ्या शहरांवर घातला आणि खर्चाचा किमान ८० टक्के भार औषध आणि सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादकांवर टाकला. दोन्हीकडे नॅनो पावडर नाही. अर्थात सक्रिय कोळशाची बारीक छिद्रं दोन नॅनोमीटरहून लहानच असतात, त्या अर्थाने आपण नॅनो कधीपासूनच वापरतोय, फक्त कोणी तसं लेबल लावून विकत नव्हतं.

एक गैरसमज इथेच काढतो, कारण हरसूलकडच्या खोरीपाड्याच्या गिधाडांचा विषय निघाला की सगळे डायक्लोफिनॅकचं खापर नदीवर फोडतात. गिधाडं पाण्यामुळे मेली नाहीत. औषध टोचलेल्या जनावरांची मढी खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. पाण्यातल्या डायक्लोफिनॅकचा त्रास माशांना होतो, तो वेगळा विषय.

आता तुमच्या कारखान्याकडे येतो. इथे मला नॅनोबद्दल आशा आहे, कारण तुमच्या हातात अशी गोष्ट आहे जी महापालिकेच्या हातात नाही: पाणी एकत्र मिसळण्याआधीची जागा.

समजा बॅच संपल्यावर मिक्सिंग व्हेसलमध्ये २०० ग्रॅम औषध चिकटून राहिलं. पहिलं धुणं २०० लिटरचं असेल तर त्यात लिटरमागे एक ग्रॅम औषध आहे. तेच इक्वलायझेशन टँकमध्ये (सगळं सांडपाणी एकत्र मिसळायच्या टाकीत) गेलं की ४० हजार लिटरमध्ये पसरून लिटरमागे ५ मिलिग्रॅम होतं. औषध तेवढंच, पण आता ते काढायला दोनशेपट पाणी हाताळायचं. पहिलं धुणं वेगळ्या टाकीत घ्या, एवढा एक पाइप टाकलात तर अर्धी लढाई जिंकली. त्याहीआधी व्हेसल पाण्याने धुण्यापूर्वी कोरडं पुसून, व्हॅक्यूमने ओढून घ्या. ते पुसलेलं औषध कचऱ्यात जाईल, पाण्यात येणारच नाही. प्रॉडक्शनवाले कुरकुर करतील, वेळ जातो म्हणून. करू द्या.

मोजायचं कसं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा होता. मायक्रोग्रॅमच्या पातळीवर मोजायला बाहेरची भारी प्रयोगशाळा लागते आणि नमुन्यामागे हजारो रुपये जातात. पण पहिल्या धुण्यातलं औषध मिलिग्रॅममध्ये असतं, आणि ते मोजायची एचपीएलसी या यंत्रावरची पद्धत तुमच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणी विभागात) तयार पडली आहे. क्लीनिंग व्हॅलिडेशनसाठी, म्हणजे यंत्र नीट धुतलं गेलं हे सिद्ध करण्यासाठी, प्रत्येक रेणूची केलेली असते. ईटीपी आणि क्यूसी एकाच आवारात असून वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, हे मी जवळपास प्रत्येक कारखान्यात पाहिलं आहे.

त्या वेगळ्या काढलेल्या पाण्यावर काय करायचं, ते औषधावर ठरतं. पेनिसिलिनच्या कुळातलं असेल तर नॅनो वगैरे काही नको. कॉस्टिक सोडा घालून पीएच चढवा, बीटा-लॅक्टमचं कडं उघडतं आणि प्रतिजैविक म्हणून त्याचा दम संपतो. मेट्रोनिडाझोलसारखा नायट्रो गट असलेला रेणू असेल तर नॅनो लोखंड खरोखर कामाचं आहे. हे शून्य संयुजेचं, म्हणजे धातूच्या रूपातलं लोखंड अमेरिकेत भूजल शुद्धीकरणासाठी वापरलं गेलं आहे. ते इलेक्ट्रॉन देऊन नायट्रो गटाचं क्षपण करतं, त्याला उजेड लागत नाही. वापरून झालं की गंजून साधा लोहगाळ होतो. दोष दोन. कण एकमेकांना चुंबकासारखे चिकटून गोळे होतात, आणि हवेत ठेवले तर डब्यातच गंजतात. कोरडी पावडर तर पेटही घेऊ शकते, म्हणून ओल्या स्लरीतच मागवा. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या फ्लुओरोक्विनोलोनला कॉस्टिकने काही होत नाही. तिथे फेंटन, म्हणजे पीएच तीनच्या आसपास हिराकस (फेरस सल्फेट) आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, हा जुनाजाणता उपाय. गाळ होतो, पण भरवशाचा आहे.

टायटॅनियमच हवं असेल तर पावडर म्हणून नको. काचेच्या मण्यांवर, सिरॅमिकवर किंवा जाळीवर पक्कं बसवलेलं घ्या आणि यूव्ही दिवा लावा. जागेवर बसवलं की पृष्ठफळ घटतं, वेग कमी होतो, विक्रेता हे सांगत नाही. पण उत्प्रेरक पाण्याबरोबर जात नाही. आपल्याकडचं चांगलं उदाहरण चेन्नईच्या आयआयटीतल्या प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाचं आहे. पिण्याच्या पाण्यातली कीटकनाशकं काढण्यासाठी त्यांनी नॅनो चांदीचे कण ॲल्युमिनावर बसवले, मोकळे सोडले नाहीत. पाणी त्यांच्यावरून वाहून जातं. तिथे पाणी मुळात स्वच्छ होतं, हेही विसरू नका.

नॅनोफिल्ट्रेशनचं मेम्ब्रेन, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा, हा तिसरा मार्ग. कार्बामाझेपिनचा रेणुभार २३६, डायक्लोफिनॅकचा २९६, सिप्रोफ्लॉक्सासिनचा ३३१. घट्ट मेम्ब्रेन यांना बऱ्यापैकी अडवतं. पॅरासिटामॉल १५१ चं, ते निसटतं, पण त्याला जिवाणू खातात. अडचण रिजेक्टची, म्हणजे पडद्याने अडवलेल्या पाण्याची. मेम्ब्रेन औषध नष्ट करत नाही, थोड्या पाण्यात गोळा करतं. त्या रिजेक्टचं काय करायचं हे ठरलं नसेल तर मेम्ब्रेन घेऊ नका. शिवाय गोळ्यांचे बाइंडर त्यावर बसले की केमिकल क्लीनिंगनेही दमछाक होते.

"प्रदूषण नियंत्रण बोर्डवाले तर औषधाचा आकडा मागत नाहीत," असं तुमचे साहेब म्हणतील. बरोबर आहे. जानेवारी २०२० च्या केंद्राच्या मसुद्यात १२१ प्रतिजैविकांच्या मर्यादा होत्या, ऑगस्ट २०२१ च्या अंतिम नियमांत त्या उरल्या नाहीत. पण जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रतिजैविक उत्पादनाच्या सांडपाण्यासाठी मार्गदर्शिका काढली आहे, आणि परदेशी खरेदीदार ऑडिटला येतात तेव्हा हेच विचारतात. सिप्रोफ्लॉक्सासिनसाठी लिटरमागे ०.०६४ मायक्रोग्रॅमचा आकडा वापरला जातो. त्याखाली जिवाणूंमध्ये प्रतिकार निवडला जात नाही असं मानतात. हैदराबादजवळ पाटनचेरूच्या सामायिक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात २००७ मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं होतं, या मर्यादेच्या जवळपास पाच लाख पट. ती बल्क ड्रगची, म्हणजे मूळ औषधी रसायनं बनवणाऱ्या कारखान्यांची वसाहत होती, तुमचं काम फॉर्म्युलेशनचं, तुलना सरळ नाही. पण आकड्यांचा आवाका कळावा म्हणून सांगितलं.

विक्रेत्याला पुन्हा बोलावणार असाल तर प्रयोग तुमच्या अटींवर करा. पाणी तुमचं, दुसऱ्या क्लॅरिफायरनंतरचं एक आणि पहिल्या धुण्याचं एक. औषध तुमचं. शेजारी एक बाटली अंधारात ठेवायची, तीच पावडर घालून. अंधारातही औषध घटलं तर ते मोडलेलं नाही, नुसतं चिकटलं आहे आणि उद्या सुटेल. एक बाटली उजेडात, पावडरीशिवाय. मोजण्याआधी पाणी ०.२ मायक्रॉनमधून गाळा. मूळ औषधाबरोबर टीओसीही (एकूण सेंद्रिय कार्बन) मोजा, कारण रेणू मोडला म्हणजे संपला असं नसतं: कार्बामाझेपिन उजेडात मोडलं की त्यातून ॲक्रिडिन बनू शकतं, आणि ते मूळ औषधाहून विषारी आहे. तीच पावडर धुऊन पाच वेळा वापरा आणि पाचव्या वेळचा आकडा लिहून घ्या, पहिल्या वेळचा नव्हे. वापरलेली पावडर तो परत नेणार का, हेही ऑर्डरवर लिहून घ्या. नाहीतर ती तुमच्या नावावर घातक कचरा म्हणून पडेल.

तुम्ही कोळशाबद्दल विचारलं नाहीत. शेवटच्या टप्प्यावर चांगल्या दर्जाच्या सक्रिय कोळशाचे दोन कॉलम एकामागे एक लावले, पहिला भरला की दुसरा पुढे घेतला, तर तुमच्या ४० घनमीटरला बहुतेक ते पुरेल. त्यावर नवा चकचकीत शब्द नाही, त्यामुळे साहेबांना आवडणार नाही कदाचित. तुमच्याकडे आत्ता जो कॉलम आहे त्यातला कोळसा शेवटचा कधी बदलला ते एकदा बघा. मी पाहिलेल्या बहुतेक कॉलममध्ये उत्तर "बसवला तेव्हा" असं असतं.

येत्या आठवड्यात सिरपच्या एका बॅचनंतरचं पहिलं धुणं पाच लिटरच्या कॅनमध्ये धरा, फ्रीजमध्ये ठेवा आणि त्यातलं थोडं क्यूसीला द्या. आकडा हातात आला की पावडरवाल्याला बोलवा, चहा पाजा, मिथिलिन ब्लूची बाटली बॅगेत ठेवायला सांगा आणि तो कॅन त्याच्यासमोर ठेवा.